डबी न उतरवता बँकॉकला

आधी दुरुस्ती. सहलीच्या मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की विमानतळावर गळ्यातली लिंगाची डबी काढून ट्रेमध्ये ठेवावीच लागते. हे चूक आहे. ती ओळ मी पुसलेली नाही, तिच्यावर रेघ मारून शेजारी बरोबर काय ते लिहिलंय. चौथीपर्यंत मला घरीच आत्याने शिकवलं, आणि चुकलेलं पान फाडायचं नाही हा तिचा नियम होता.

मी सिरसाळ्याला बियाणं-खतांच्या एका वितरकाकडे ऑफिस सांभाळते. चांगली विक्री केलेल्या वीस दुकानदारांना यंदा बँकॉकला न्यायचंय आणि जुळवाजुळव माझ्याकडे आहे. त्यांतले बरेच लिंगायत. गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग ते अंगावरून कधीच उतरवत नाहीत. मी एजंटला फोनवर विचारलं, "चांदीची डबी चालेल का?" तो म्हणाला, "चांदी-बिंदी सगळं ट्रेमध्ये." विचारायचं होतं देवाबद्दल, मी विचारलं दागिन्याबद्दल. माझी नोंद वाचून दिंद्रुडच्या दोघा दुकानदार भावांनी नावं मागे घेतली.

मग साहेबांनी मला आधी पाहणीला पाठवलं. सोबत आमचे सगळ्यात जुने दुकानदार अप्पा आणि त्यांच्या बायको, काकू.

परळीहून रेल्वेने हैदराबाद गाठलं. गटाने जायचं तर तिकिटं खूप आधी काढा. गाडीत काकूंनी धपाटे सोडले, पण अप्पांचं जेवणात लक्ष नव्हतं.

"डबी उतरवा म्हणले तर मी तितूनच माघारी."

"जावा की," काकू म्हणाल्या. "किल्ली शेजारी ठिवलीय. मी येते जाऊन पोरीसंगं."

हैदराबादच्या विमानतळावर तपासणीची रांग आली. अप्पांनी डबीवर तळवा ठेवला. "साब, ये देव हाय हमारा. उतारते नै."

"उतारने को कौन बोला बाबा? इधर आओ."

त्यांना पडद्याआड नेलं. थोड्या वेळाने अप्पा सदऱ्याची गुंडी लावत बाहेर आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई न्हाई. यंत्र फिरवलं. डबी माझ्याच हातानं उघडाय लावली, कापडाचा तुकडा फिरवून बघितला. वरून इचारलं, जेवले का."

"आता जेवा मग," काकू म्हणाल्या आणि उरलेले धपाटे काढले.

बँकॉकमध्ये स्कायट्रेनच्या स्टेशनजवळचं हॉटेल बघा, वीस जणांना बसच्या मागे धावायला नको. खाणावळीच्या पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर दिसलं की तिथं मांस-अंडं नसतं, कांदा-लसूणही नसतो. टोफू चाखून काकू म्हणाल्या, "पनीर म्हणावं तर चव न्हाई, खरवस म्हणावं तर गोडी न्हाई." पण त्यांनी दोन वाट्या संपवल्या. नदीवर केशरी झेंड्याची बोट धरा, स्वस्त पडते आणि देवळंही त्याच वाटेवर लागतात. एका चौकात गणपती दिसला. अप्पांनी चप्पल काढली. "आपल्या लिंबागणेशहून हा हिकडं कवा आला?"

परतीच्या तपासणीसाठी हॉटेलातल्या बाईंकडून 'हा देव आहे, गळ्यातून काढत नाहीत' अशी थाई भाषेत चिठ्ठी लिहून घेतली होती. अधिकाऱ्याने ती वाचली, हात जोडले आणि अप्पांना बाजूला घेतलं. इथंही डबी गळ्यातच राहिली. वेळ मात्र लागला, म्हणून गटाने तीन तास आधी पोचावं. हा आमच्या तिघांचा अनुभव आहे. बाजूला नेऊन तपासा अशी विनंती आधीच करायची.

सिरसाळ्यात उतरले आणि किती तरी दिवसांनी मला भूक लागली. भाजी-भाकरी पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी अप्पांना म्हटलं, "दिंद्रुडला तुम्हीच फोन करता का? तुमचं ऐकतील."

"मी कावून? लिव्हलं तू. तूच जाऊन सांग."

बरोबर आहे त्यांचं. नावांची यादी एजंटकडे सोमवारी जाणार, तोवर दोन जागा मी मोकळ्या ठेवल्यात. रविवारी, १८ तारखेला, सकाळच्या पहिल्या एसटीने मी दिंद्रुडला जाते आहे.