रिकाम्या ग्रहावरचा शुक्रवार

जानेवारीतल्या वाळवंटाला एक गंध असतो आणि तो वाळूचा नसतो. आदल्या संध्याकाळी चार थेंब पडून गेलेले असावेत, सकाळचं ऊन तिरपं आणि कोवळं असावं, अरफजच्या करड्या, खुरट्या झुडपांमधून निघालेला तो कडसर, ओव्याची किंचित आठवण करून देणारा दरवळ गाडीच्या उघड्या काचेतून आत यावा, अशी ती वेळ. कुवेतमधल्या फहाहीलची शेवटची घरं मागे पडली, विजेच्या तारांचे मनोरे विरळ झाले, की सानिकाचे बाबा वफ्राकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेवर घालत आणि कुठलीही खूण नसलेल्या, केवळ त्यांनाच पटलेल्या एखाद्या जागी उभी करत. इंजिन बंद होई. मग काही क्षण आम्ही तिघंही बोलत नसू. मागच्या सीटवर बसलेली चिमुकली सानिका कान टवकारून ऐकत राही आणि तापलेल्या बॉनेटखालून टिक, टिक असा आवाज येऊ लागला की दबक्या स्वरात जाहीर करी, "गाडी बोलतेय." त्यानंतर मी थर्मास उघडायची.

हिवाळ्यातला आमचा प्रत्येक शुक्रवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस, असा जाई. खैतानमध्ये राहणारी आमची स्नेही मंडळी त्या वेळी मॉलमध्ये असत आणि आम्हाला हमखास विचारत, "अहो, पण तिथे बघायला आहे काय?" प्रश्न रास्त होता. तिथे बघायला काहीच नव्हतं. चहूकडे सपाट, फिकट पिवळी भूमी, दूर क्षितिजावर तेलशुद्धीकरणाच्या चिमणीची अखंड ज्योत, एखाद्या वर्षी उंटांचा कळप, एखाद्या वर्षी हिवाळी तंबूंची रांग. आम्ही आल्याचा चहा आणि डब्यातली थालीपिठं संपवायचो, थोडं चालायचो आणि परतायचो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जायचो. यातलं काही सांगण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सानिका आता पुण्यात असते. बँकेच्या संगणकप्रणालीवर काम करण्याची उत्तम नोकरी सोडून तिने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मुलामुलींबरोबर एक व्हिडिओ गेम करायला घेतला आहे, अंतराळातल्या भटकंतीचा. मला खेळांतलं ओ की ठो कळत नाही. मी आयुष्यभर इथल्या एका कंपनीत हिशेब तपासले. तरी तिने फोनवर समजावलं ते मला समजलं आणि आवडलंही. खेळणारा एकटाच यानातून निघतो, एकामागून एक अनोळखी ग्रहांवर उतरतो, पाहणी करतो. पाठीवरच्या टाकीत हवा मोजकीच. ती संपत आली की परतायचं. ग्रहावर काही बांधायचं नाही, काही जिंकायचं नाही. आणि तो निघाला की वारा सुटतो आणि त्याची पावलं पुसून टाकतो.

"म्हणजे मागे काहीच राहत नाही?" मी विचारलं. माझी पहिली शंका हीच होती. पैसे मोजून असा खेळ कोण घेईल?

"आई, कुवेतमध्ये तरी काय राहतं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली ही मुलगी, 'तू कुठली?' या प्रश्नाला आजही एक क्षण थांबून उत्तर देते. मी विषय बदलला. या उन्हाळ्यात सानिकाच्या बाबांची नोकरी संपते. नोकरी नाही तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नाही, इकामा नाही तर राहणं नाही. आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो आणि केस पांढरे होईपर्यंत राहिलो. त्यात अन्याय काहीच नाही, येतानाच ते ठाऊक होतं. पण हल्ली समुद्रावर फिरताना मी उगाच प्रत्येक खजुरीकडे निरखून बघते.

खेळाचा पहिला ट्रेलर आला तेव्हा मात्र हे सगळं मी विसरून गेले. काय ते आकाश, काय ते नीलवर्ण मेघ, बर्फाच्या कड्यांवरून उलगडत जाणारा प्रकाश! आणि मग शेवटी एक ग्रह. सपाट, फिकट पिवळा, करड्या झुडपांचा, क्षितिजावर एकच ज्योत. मी ओरडलेच. मराठी मंडळाच्या ग्रुपवर, नाशिकच्या नातलगांना, ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना, ज्यांचा म्हणून नंबर माझ्याकडे होता त्या सगळ्यांना तो ट्रेलर पाठवला. इमारतीखालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, मलबारी भाईंनाही दूध घेता घेता दाखवला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण बघितला आणि म्हणाले, "मॅडम, ये तो वफ्रा रोड है."

जगभरातून लोक त्या व्हिडिओखाली लिहीत होते. सुरुवातीला नुसता उल्हास होता, कधी येणार, कधी येणार अशी विचारणा होती. मग हळूहळू सूर बदलला. अथांग ब्रह्मांडाची आश्वासनं आम्ही पूर्वीही ऐकली आहेत, असं कुणी लिहिलं. दिसायला देखणं आहे, पण करायचं काय, असं कुणी विचारलं. आणि तो शेवटचा ग्रह तर जो तो झोडपत होता. इथे काहीच नाही, नुसती वाळू, हे लोक तो पूर्ण करायलाच विसरले बहुतेक. माझं रक्त उकळलं. सानिकाने मला आधीच बजावलं होतं, "आई, प्लीज, डोन्ट रिप्लाय टु एनीवन." पण तरीही मी एकाला लिहून बसले, 'बाळा, आधी खेळून तर बघ.' त्या बाळाने, जे कुठल्या देशातलं होतं देव जाणे, उत्तरादाखल एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

सानिकाचा आवाज मात्र फोनगणिक बारीक होत गेला. अखेर एका शुक्रवारी दुपारी, जेवणं उरकून आम्ही कोचावर टेकलो असताना, तिने व्हिडिओ कॉल केला आणि सांगून टाकलं. तिच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं होतं की लोकांचं ऐकावं, त्या ग्रहावर प्राणी सोडावेत, लढाया घालाव्यात, नाही तर तो ग्रहच काढून टाकावा. इतर ग्रह सगळ्यांनी मिळून केले होते, हा एकटीने तिने केला होता. पुढचा ट्रेलर बनेपर्यंत तिला मुदत होती.

"बाबा, तुम्ही बघा ना. बी ऑनेस्ट. रिकामं वाटतं का?"

मी श्वास रोखला. कारण सानिकाच्या बाबांचा शंका घेण्यात हातखंडा आहे आणि त्याच गुणाचा त्यांना पगार मिळत आला आहे. पेट्रोकेमिकल कारखान्यातली यंत्रं सुरू करण्याआधी ती सुरू करण्याजोगी आहेत का, हे ठरवणं हे त्यांचं काम. पंपाच्या अंगाला लोखंडी सळईचं एक टोक टेकवून दुसरं कानाशी धरायचं आणि आतलं बेअरिंग निरोगी आहे की कुरकुरतंय ते ऐकायचं, ही त्यांची जुनी सवय. मोजणारी किमती उपकरणं आली तरी सळई सुटली नाही. घरी नवा मिक्सर आला तरी आधी त्यांचा कान, मग माझी चटणी.

त्यांनी ट्रेलर एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकला.

"वाटतं," ते म्हणाले.

पडद्यावर सानिकाचा चेहरा कोमेजलेला मला दिसला. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठून गॅलरीत गेला असता. पण हे आपले शांतपणे पुढे सांगू लागले, "ग्रह रिकामा आहे म्हणून नाही. तिथे कुणी उतरलंय असं ऐकू येत नाही म्हणून. तुझं यान उतरतं, थांबतं, आणि वर नुसतं संगीत वाजत राहतं. यंत्र बंद झाल्यावर काय ऐकू येतं, ते कुठे आहे?"

ती "ओके बाबा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी यांना संध्याकाळचा चहा दिला तो कप जरा आपटूनच. पोरीने उमेदीने विचारलं होतं. गोड बोलायला काय लागतं? पण मनाच्या तळाशी मला हेही ठाऊक होतं की गोड बोलणारं माणूस हवं असतं तर तिने मलाच विचारलं असतं.

मग आठवड्याच्या मधल्या एका दुपारी तिचा निरोप आला, आमच्या दोघांच्याही फोनवर. 'मला तो आवाज पाठवाल? आपल्या शुक्रवारचा?'

कित्येक हिवाळ्यांत आम्ही तिकडे गेलो नव्हतो. ती शिकायला गेली तसं जाणं आपोआप थांबलं होतं, दोघांनीच जाऊन करायचं काय, असं वाटायचं. त्या शुक्रवारी मी थालीपिठं थापली, आलं ठेचलं, थर्मास भरला. तोच रस्ता. मनोरे वाढले होते, कच्च्या वाटेच्या तोंडाशी कुंपण आलं होतं, म्हणून आणखी थोडं पुढे जावं लागलं, पण अरफजचा गंध तसाच होता, आणि खोटं कशाला बोलू, तो आत येताच मला रडू आलं. हे समोर बघून गाडी चालवत राहिले.

त्यांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, ऑफिसातल्या एका तरुणाकडून मागून आणलेला माइक बॉनेटवर मांडला आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसण्याची खूण केली. वारा होता, अगदी मंद. आणि टिक, टिक. सवयच ती, इतक्या वर्षांची. माझा हात आपसूक थर्मासकडे गेला आणि मी झाकण फिरवलं.

"अगं!" ते म्हणाले. माझी चूक झाली खरी, पण त्यांच्या त्या 'अगं'चीही भर त्यात पडली होती आणि हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. मग आम्ही गाडी पूर्ण थंड होऊ दिली, चहा प्यायलो, आणि माइक गाडीपासून लांब नेऊन, शिस्तीत, श्वाससुद्धा जपून घेत दुसरं रेकॉर्डिंग केलं. त्यात फक्त वारा होता, स्वच्छ आणि निर्दोष. यांनी दोन्ही पाठवली. दुसऱ्यापुढे लिहिलं, 'फायनल'. पहिल्यापुढे लिहिलं, 'रिजेक्ट. तुझ्या आईची कृपा.'

नवा ट्रेलर गेल्या आठवड्यात आला. ग्रह तिथेच आहे. सहकाऱ्यांना तिने कसं पटवलं ते तिने सांगितलं नाही. आम्ही दोघं कोचावर बसून बघत होतो. पहिल्या ग्रहांवर संगीत होतं, मेघ होते, कडे होते. मग ते यान पिवळ्या भूमीवर उतरलं, त्याचं यंत्र थांबलं आणि त्याबरोबर संगीतही थांबलं. वारा. दूरवर ती ज्योत. आणि टिक, टिक, तापलेला धातू निवत असल्यासारखं. थोड्या वेळाने, लक्ष नसेल तर ऐकूही येणार नाही इतकं हळू, एक झाकण फिरलं.

"हे रिजेक्ट होतं," सानिकाचे बाबा म्हणाले. 'अगं' तेवढं तिने कापलं होतं.

खेळ केव्हा येईल, सांगता येत नाही, तारीख एकदा पुढे गेली आहे. लोकांच्या शंका संपलेल्या नाहीत, अजूनही कुणी कुणी रिकामं, रिकामं म्हणतंच. कदाचित त्यांचंच बरोबर ठरेल आणि कुणी तो घेणारही नाही. मला भीती वाटते आणि मी ती लपवत नाही. एकाने मात्र विचारलं आहे की शेवटी तो बारीकसा आवाज कसला आहे, यानात दुसरं कुणी आहे का? त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मीही दिलं नाही, या खेपेला सानिकाचं ऐकलं.

सामानाची बांधाबांध सुरू झाली आहे. उन्हाळ्यात आम्ही जाऊ, या घरात दुसरं कुणी येईल, कुंपणं आणखी पुढे सरकतील, आणि आमची पावलं ज्या वाळूत उमटली ती तर वाऱ्याने केव्हाच सारखी केली आहे. पण तो खेळ कधी आलाच, तर कुठल्याशा देशातलं ते माझं प्रश्नचिन्हवालं बाळ एखाद्या दुपारी त्या ग्रहावर उतरेल, आजूबाजूला काहीच नाही म्हणून वैतागेल, क्षणभर थांबेल. आणि त्याच्याही आधी तिथे कुणीतरी चहा ओतत असेल.