जांभळीखालची जागा

बातमी दुधाच्या गाडीबरोबर आली. माले ओलांडून पुढे पाण्याच्या काठाला जी गावं आहेत, तिथलं दूध घेऊन ही गाडी सकाळी पौडात येते, आणि तिच्या ड्रायव्हरच्या पोटात बातमी राहत नाही. दुकानासमोर गाडी हळू करून त्यानं खिडकीतूनच सांगितलं, "रशीदभाई, सोपानतात्या गेले. दुपारी उचलणार हायेत." मी एका ट्रकची ताडपत्री शिवत होतो. मशीनवरचा पाय मी थांबवला नाही. शिवण वाकडी गेली, ती नंतर उसवून पुन्हा घालावी लागली; पण पाय थांबवला नाही हे मला पक्कं आठवतं, कारण त्याच वेळी मी मनाशी म्हणत होतो, बघ रशीद, तुला काहीसुद्धा वाटलं नाही… मयतीला मी गेलो नाही.

मुळशीच्या पाण्यावर गळ टाकायला पुण्याचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं येतात. पेपरच्या या रविवारच्या पुरवणीत त्यांची ओळख आहे. महिन्याभरानं ते दुकानात येऊन म्हणाले, "तात्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं? चार चांगले शब्द लिहा." चांगले शब्द मोजून चारच सापडले, ते आधी लिहून टाकतो. तात्या माणूस गोड होता. आता बाकीचं.

मी धंद्यानं ताडपत्री शिवणारा. वडिलांचं दुकान, वडिलांचीच मशीन. मॅट्रिकपर्यंत शिकलो, वाचायचा नाद लागला, पण सुईदोरा सुटला नाही. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला तात्या पहिल्यांदा दुकानाची पायरी चढले ते होडीवर घालायला कापड हवं म्हणून. पाण्याच्या अलीकडची माणसं पलीकडे सोडायची हा त्यांचा जोडधंदा. मी होडीचं माप विचारलं, तर म्हणाले, "माप काय सांगू? येऊन बगा की." मी रविवारी एसटीनं गेलो. होडीचं माप घ्यायला पाच मिनिटं लागली असतील. परत आलो तो संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं, हाताला माशाचा वास घेऊन. त्यानंतर दहा-बारा वर्षं पावसाळा सोडला तर माझे रविवार तात्यांच्या काठावर गेले. बायको म्हणायची, तुमचं दुसरं लग्न त्या धरणाशी झालंय.

गळ टाकणं म्हणजे नुसतं बसून राहणं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी गळ टाकलेला नसतो. खरं काम आधीच्या चार दिवसांचं. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, शिळा भात आणि भाजून कुटलेली मेथी एकत्र मळून त्याचे गोळे करायचे आणि ठरलेल्या जागी पाण्यात सोडायचे. त्याला चारा म्हणतात. चार दिवसांत दोनदा चारा पडला की रोहूला त्या जागेची सवय लागते, आणि मग रविवारी गळ. तात्यांची अट अशी की ज्या पाण्यात चारा सोडायचा त्याच पाण्यात तो मळायचा. मी एकदा वेळ वाचवायला घरूनच मळून नेला. त्यांनी गोळा नाकाशी धरला आणि कुत्र्याला घातला. "पौडाच्या हिरीचं पानी हाय ह्यात," म्हणाले. "मासा काय येडा हाय व्हय?"

पाण्यात आत शिरलेल्या जमिनीच्या एका जिभेवर जांभळीचं झाड आहे. पहिल्या वर्षीच तात्यांनी मला ती जागा दिली, स्वतः पलीकडच्या खडकावर बसायला लागले. बुधवारी, आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की, दुपारच्या एसटीनं मी चारा टाकून यायचो. जागेवर चारा पडलाय हे दुसऱ्याला कळावं म्हणून काठावरची माणसं काहीतरी खूण करतात. कोणी काठी रोवतं, कोणी दगडावर दगड ठेवतं. मी जांभळीच्या फांदीला हिरव्या कॅनव्हासची पट्टी बांधायचो. ती पट्टी दिसली की दुसरा तिथं बसत नसे. दुसऱ्याच्या चाऱ्यावर बसायचं नाही, हा तिथला कायदा. लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

हा कायदा मला तात्यांनी शिकवला तो बहात्तरच्या दुष्काळात. पाणी इतकं खाली गेलं होतं की जांभळीच्या पुढे वीतभर भेगांची जमीन उघडी पडली होती, आणि त्या जमिनीवर बांध दिसत होते. शेताचे बांध. तात्या त्यांच्यावरून चालत गेले, मधेच थांबले, पायानं चिखल बाजूला केला आणि म्हणाले, "ह्ये आमचं वावर. माझा बा ह्याच बांधावर बसून रडला व्हता म्हनं. सातबारा हातात घेऊन." मग मागे वळून न बघताच म्हणाले, "जमिनीला सातबारा असतो, त्यो बी कामाला न्हाई आला. पान्याला तर त्यो बी न्हाई. म्हनून सांगतो, रशीदभाई. पान्यावर चारा टाकंल त्याची जागा. एवढं तरी मानसानं पाळावं." त्या दिवशी मला कळलं की मी ज्या जागी बसतो ती त्यांच्या बापाच्या शेताची आहे आणि ती त्यांनी मला दिली आहे. दुकानात उरलेल्या हिरव्या कॅनव्हासच्या मी त्याच आठवड्यात चाऱ्यासाठी दोन पिशव्या शिवल्या. एक त्यांना, एक मला. एकाच कापडाच्या, एकाच टाक्याच्या.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढं जे झालं ते एखाद्या परक्यानं केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून दुसरी जागा बघितली असती.

एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या थंडीत तात्या दुकानात आले ते हसत. "रशीदभाई, काम आनलंय. बारा राहुट्या." पुण्याचा कोणी साहेब होता. शहरातल्या लोकांना होडीत फिरवायचं, गळ टाकायला द्यायचा, राहुटीत झोपवायचं, असा कॅम्प तो काढणार होता. कुठं, ते मी विचारलं नाही. काठ काय लहान आहे? मी तीन आठवडे दुसरं काम घेतलं नाही. दुहेरी शिवण घातली, दोरीच्या प्रत्येक भोकाला पितळी कडी ठोकली, कोपऱ्यांना आतून चामडं लावलं. तात्या मधूनमधून येऊन बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, कापडावरून हात फिरवायचे. तीन आठवड्यांत पाच-सहा वेळा तरी आले असतील. पाच-सहा वेळा त्या बाकावर, माझ्यापासून दोन हातांवर… आणि कॅम्प कुठं, ते एका शब्दानं बोलले नाहीत.

राहुट्या गेल्या त्याच आठवड्यात मी बुधवारी चारा टाकला, शुक्रवारी टाकला, पट्टी बांधली. राहुट्यांचा तेव्हा मागमूस नव्हता. रविवारी सकाळी काठी, गळ, डबा घेऊन वळणावरून खाली उतरलो तर जांभळीखाली हिरव्या राहुट्या. लांबूनच ओळखल्या, आपलं हातचं कापड आपल्याला दुरून कळतं. माझ्या जागेवर दोन पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, दोरा गुंडाळायचं चाक असलेल्या काठ्या घेऊन. माझी पट्टी फांदीला होती तशीच होती. त्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता. आणि तात्या त्यांना किटलीतून चहा ओतत होते.

"तात्या," मी म्हणालो, "माझा चारा हाय हितं. परवाच टाकलाय."

"ठावं हाय." वर बघितलं नाही त्यांनी. "आजच्या दिस पलीकडं बसा. सायबाचे पावने हायेत."

"पलीकडं चारा कुनाचा हाय?"

"कुनाचा न्हाई."

"मग मासा कसा ईल?"

त्यांनी किटली खाली ठेवली. कप पाहुण्याच्या हातात दिला आणि त्याला म्हणाले, "सायेब, जरा डावीकडं टाका. त्या वाळल्या खोडाच्या अंगानं. तितं खोल हाय." वाळल्या खोडाच्या बाजूला खोल आहे हे मला सांगायला त्यांनी तीन वर्षं घेतली होती. मी तिथंच उभा राहिलो. जायला हवं होतं, पण पाय निघेना. अर्ध्या तासात पाहुण्याच्या दोऱ्यावरची तरंगती मोरपिसाची काडी बुडाली. रोहू होता, मोठा होता, माझ्या चाऱ्यावर आलेला होता. तात्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून तो दोन्ही हातांनी उचलला, पाहुण्यानं फोटो काढला. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी शाळेत पाठ केलं होतं, अर्थ त्या दिवशी कळला.

मी चालत माल्याला आलो आणि तिथून मिळेल त्या गाडीनं घरी. काठी माळ्यावर टाकली. त्यानंतर गळ टाकला नाही.

तात्या एकदा आले होते, पाचसहा महिन्यांनी. बाकावर बसले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. पानात गुंडाळलेला मासा होता हातात. मी मशीन चालूच ठेवली. "आमच्याकडं मासे सोडलेत, तात्या," मी म्हणालो. खोटं होतं ते, त्याच दिवशी घरात बोंबील होते. मासा तसाच घेऊन ते पायरी उतरले. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं असतं, रशीदभाई, चुकलं, एवढंच म्हणाले असते तर… पण ते काही म्हणाले नाहीत आणि मीही मशीन थांबवली नाही. पाच वर्षं हे असं. बाजारात समोरून आले तर मी दुसऱ्या बाजूला सतरंज्या बघायला लागायचो.

लेख लिहायला बसलो तेव्हा हे सगळं लिहायचं की नाही ते ठरेना. आमच्यात चाळिसावा करतात. त्यांच्यात तो नसतो, पण मी माझ्या रिवाजानं चाळिसाव्या दिवशी तात्यांच्या घरी गेलो. तात्यांच्या बायकोनं, काकींनी, बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, "या, रशीदभाई. लई दिस लावलं." पाणी दिलं, चहा ठेवला. तात्यांचा थोरला बबन कॅम्पवर होता. तो तिथं होड्यांचं बघतो, लागला तेव्हापासून. चहा देता देता काकी म्हणाल्या,

"तुमच्यामुळं बबन लागला. न्हाईतर सायेब दुसऱ्या गावाला निगाला व्हता. मासा घावंल आशी जागा दावा, तरच कॅम्प घालतो, आन् तरच पोराला ठेवतो म्हनला. ह्यांनी दोन राती डोळ्याला डोळा लावला न्हाई. मग तुमीच उटून जागा दिली."

मी कप खाली ठेवला. "मी दिली?"

"ह्ये सांगायचे की समद्यांला. मी मागितली बी न्हाई, रशीदभाईनं आपनहून दिली. वर बारा राहुट्या शिवून दिल्या. असा मानूस पौडात दुसरा न्हाई म्हनायचे. बबनला तर सारखं सांगायचे, त्यांना कदी इसरू नगंस." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मग तुमी येत का न्हाई, आसं इचारलं की म्हनायचे, धंदा वाडलाय त्यांचा."

काकी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "व्हय, काकी."

बाहेर पडलो आणि एसटीची वाट न बघता चालत सुटलो. आधी मला वाटलं, दुःखानं. नाही, रागानं. जागा घेतली ती घेतली, आणि मग मी दिली असं गावभर सांगून मला मोठा केला. पाच वर्षं मी ज्या रागावर जगलो तो त्या गावात कोणाला ठाऊकच नाही. तिथं मी दानशूर आहे. आणि खरं दुखतं ते वेगळंच. तात्यांनी मागितली असती तर मी जागा दिली असती. निदान मला असं वाटतं. पोराच्या नोकरीचा सवाल होता, शिवाय बापाचं वावर त्यांच्या… की नसती दिली? तीन आठवडे ते बाकावर बसून हेच ताडून बघत होते का, हा माणूस देईल की नाही? आणि त्यांनी ठरवलं की देणार नाही. दहा-बारा वर्षांच्या ओळखीवर त्यांचा हा हिशेब झाला. जागेपेक्षा मला ते जास्त लागलंय. गोष्टीतला रशीद त्यांना पटत होता, बाकावरच्या रशीदला विचारायची त्यांची छाती झाली नाही.

आता हे छापून येईल. काकींना वाचता येत नाही. बबनला येतं, आणि कॅम्पवर पाहुण्यांसाठी रविवारचा पेपर जातो. त्याच्या बापानं पाच वर्षं रोज थोडा थोडा चारा टाकून एक गोष्ट सांभाळली होती, आणि मी काकींसमोर 'व्हय' म्हणून तिच्यावर खूणसुद्धा बांधून आलो होतो. आज मी तिथंच गळ टाकून बसलोय. बबन, हे करू नये असं मला तुझ्या वडिलांनीच शिकवलं होतं. त्यांनी केलं, मीही केलं.

निघताना काकींनी खुंटीवरची हिरवी पिशवी काढून माझ्या हातात दिली होती. "तुमीच शिवलेली हाय, तुमच्याकडंच राहू द्या." कोपरा फाटला होता तिथं कोणीतरी जाड दोऱ्यानं वेडेवाकडे टाके घातले होते. माझ्याकडे आणली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. मशीनच्या वर खिळा आहे, माझी पिशवी तिथं पाच वर्षं लटकतेय. तिच्यावरच ही टांगली. टाके उसवून नीट घालावेत म्हणून दोनदा खाली काढली आणि तशीच परत ठेवली. तिला अजून मेथीचा आणि पेंडीचा वास येतो. माझीला येत नाही.