कागदावरची एकवीस वर्षं

आमच्या पिढीतली चाकूरकडची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. मूल शाळेत नेलं की मास्तर त्याच्याकडे एकदा बघायचे आणि वयात बसेल असं साल धरून एक जून टाकून द्यायचे. माझीही जन्मतारीख तीच. फक्त माझ्या सालात मास्तरांची नाही, बाबांची लबाडी आहे आणि तिच्यापायी मी अमेरिकेला मुकले.

बहात्तरच्या दुष्काळात माय आणि बाबा दोघंही तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. मी चार वर्षांची होते. पटावर नाव असलेल्या पोरांना दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची, म्हणून बाबांनी मला मास्तरांपुढे उभं केलं आणि वय सहा सांगितलं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायचा, ही तेव्हाची वयाची परीक्षा. माझा हात पोचला नाही. मास्तरांनी खिडकीबाहेर बघत नाव लिहून घेतलं.

आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई. ती नर्स झाली आणि तिथल्या दवाखान्यानंच बोलावल्यामुळे दीड वर्षात अमेरिकेला गेलीसुद्धा. पुढे तिकडची नागरिक झाल्यावर तिनं भावाला कुटुंबासकट तिकडे नेण्यासाठी अर्ज केला. त्याच साली लातूर जिल्हा झाला होता आणि नव्या कलेक्टर कचेरीत बाबांना शिपायाची नोकरी लागली होती. पत्त्यातलं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिताना बाबांना वाटलं, जिल्हा झाला तसं हेही होऊन जाईल.

आत्यानं पत्रात समजावलं होतं. नोकरीवर बोलावलेल्यांची रांग वेगळी, नवराबायकोची वेगळी, भावाबहिणींची सगळ्यांत मागची. आपण अर्ज केला ती आपली तारीख. तिकडे दर महिन्याला एक तारीख जाहीर होते, ती सरकत सरकत आपल्या तारखेपर्यंत आली की मुलाखतीला बोलावणं.

आमच्या लातूरच्या गल्लीला तारीख माहीत होती ती कोर्टाची. अमेरिकेचं पाकीट आलं की लोक बाबांना विचारायचे, तारीख लागली का? बाबा म्हणायचे, अजून न्हाई. दोन वर्षांत सगळ्यांची खात्री पटली की या माणसाचा बहिणीशी जमिनीचा कज्जा चालू आहे. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर बाबांना बसवून घेतलं आणि बहिणीचा वाटा देऊन टाक, रक्ताच्या नात्यात कोर्ट बरं नव्हं, असं बजावलं. आमच्याकडे वाटा घालायला जमीन होतीच कुठे? पण बाबांनी मान डोलावली. खरं सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

अमेरिकेची ती तारीख कधी महिन्यात तीन आठवडे सरके, कधी जागची हालत नसे, आणि एकदा तर चार महिने मागे गेली. तारीख मागं कशी जाती, असं बाबांनी मला तीनदा विचारलं. मी चिडून उत्तर दिलं, कारण मलाही ते कळलेलं नव्हतं. तोवर मी कॉलेजात जायला लागले होते आणि बोलता बोलता मैत्रिणींना तिकडचा पत्ता देऊन बसले होते.

अर्जानंतर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये आमचा नंबर आला. सोबत आत्याचं पत्र होतं. मायबापाबरोबर मुलं येऊ शकतात, पण लग्न न झालेली आणि एकवीसच्या आतली. धाकटा भाऊ दुष्काळानंतरचा, त्याची अडचण नव्हती. मी एकोणीस वर्षांची होते आणि कागदावर जूनमध्येच मला एकवीस पूर्ण झाली होती.

मी हट्टानं बाबांना गावी घेऊन गेले. ग्रामपंचायतीत माझ्या जन्माची नोंदच नव्हती. शाळेच्या रजिस्टरात मास्तरांच्या वळणदार अक्षरात तीच एक जून. मॅट्रिकला तीच, पासपोर्टला तीच. कोर्टाच्या आवारातला एक जण शपथपत्र करून देतो म्हणाला. शाळेत खोटं वय सांगितलं, असं बाबांनी लिहून द्यायचं. त्यानं कितपत भागलं असतं कोण जाणे, पण बाबा आवाराबाहेर चालू लागले. मला वाटलं, खोटं कबूल केलं तर नोकरी जाईल म्हणून भितात.

घरी आल्यावर मी बोलू नये ते बोलले. "माझी दोन वर्षं तुम्ही खाल्ली, बाबा."

माय भाकरी थापायची थांबली. बाबांनी आवाज चढवला नाही.

"मी खोटं बोललो, हाव," ते म्हणाले. "लिहून बी देतो, उद्या चल. पण शाळंत घातली म्हणून तू जगलीस. तुझ्या पाठची शाळंत घालण्याएवढी नव्हती."

माझ्या पाठची एक बहीण लहानपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं. कोणत्या साली, हे मी कधी विचारलं नव्हतं. घरात कुणी तिचं नाव काढत नसे. त्या संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर राग तरीही गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा खरंच धुतलेला सदरा घालून कोर्टात जायला तयार झाले. मी त्यांना खाली बसवलं. मुलाखतीचा फॉर्म इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी मलाच येत होतं. सगळ्या मुलांची नावं आणि जन्मतारखा, असा एक रकाना होता. माझ्या नावापुढे मी एक जून लिहिली, साल शाळेतलंच लिहिलं आणि कागद बाबांपुढे सहीला सरकवला.