दम्मामहून पिल्सेन: पावेलच्या टेबलावर दोन संध्याकाळी

सौदीच्या दारूबंदीत, दम्माममध्ये वीस वर्षं काढलेला माणूस बिअर प्यायला युरोपात निघाला, याचं आमच्या मित्रांना जराही नवल वाटलं नाही. खरं कारण मात्र वेगळं होतं. कंपनीने माझी जागा सौदी माणसाला द्यायची ठरवली होती. त्या फहदला काम शिकवायचं आणि मार्चअखेर मोकळं व्हायचं. चिपळूणला दादाला मी हे सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं परदेशातला भाऊ म्हणून मिरवल्यावर कायमचं परत कुठल्या तोंडाने जायचं? माझा जुना बॉस पावेल दोन वर्षांपूर्वी असाच घरी, चेक देशातल्या पिल्सेनला, गेला होता. त्याला एकदा बघावं, असं फार वाटत होतं.

"नोकरी जातेय आणि तुम्हाला बिअर सुचतेय!" माझी बायको वैशाली म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर शोधायला लागली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: व्हिसासाठी इकाम्याची, म्हणजे सौदीतल्या निवास परवान्याची, मुदत परतीनंतरही काही महिने उरलेली हवी, आणि कंपनीकडून एक्झिट-रीएंट्री, म्हणजे सौदीबाहेर जाऊन परत यायची परवानगी. दोन्ही हातात आल्यावरच तिकिटं काढा. आम्ही इस्तंबूलमार्गे प्रागला गेलो. प्राग देखणं आहे, पण मुख्य चौकात बिअर महाग आणि गर्दी जत्रेची. दुसऱ्या दिवशी रेल्वेने दीडेक तासात पिल्सेन गाठलं.

पावेलचा नेहमीचा पब म्हणजे एका साध्या इमारतीचा तळमजला. लाकडी बाकं, भिंतीवर फुटबॉल संघांचे जुने फोटो. आम्ही ऐटीत कोपऱ्यातलं मोठं टेबल धरलं, तर मिशीवाल्या वेटरने हाताने खूण करून उठवलं. ते रोजच्या मंडळींचं टेबल होतं! तेवढ्यात पावेल आला, दम्मामच्या सवयीने अरबीत "यल्ला, बसा बसा!" म्हणाला आणि आम्हाला त्याच टेबलावर बसवलं.

इथे मागवावं लागत नाही. ग्लास रिकामा झाला की दुसरा समोर येतो, वर बोटभर मऊ फेस. तिसऱ्यानंतर मी पुरे म्हणून ग्लास मनगटातून हलवला. सौदीत कुणाकडे गहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायलो की रिकामा कप असाच हलवायचा. वाढणारा समजून जातो. मिशीवाला हसला आणि चौथा ठेवून गेला. मी पुन्हा हलवला. पाचवा आला.

"हलवा, अजून हलवा!" कोफोला नावाचं काळं सरबत पिणारी वैशाली हसून बेजार झाली होती.

पावेलने पुठ्ठ्याची चकती उचलून माझ्या ग्लासवर झाकण ठेवली. "असं. आता खलास."

पाच ग्लासांनी धीर दिला. मी विचारलं, "पावेल, घरी आलास तेव्हा कसं वाटलं?"

"लाज वाटली," तो सरळ म्हणाला. "आठवडाभर इथे फिरकलो नाही. लोक विचारतील, का काढलं? शेवटी आलो, तर हा म्हणाला," त्याने शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं, "'सरक, मला फुटबॉल दिसत नाहीये.' बस, एवढंच. आठवडा उगाच घरात कुढत काढला मी."

मला एकदम हलकं वाटलं. बिअरचाही हात असेल.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही फक्त खायला गेलो. तळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे शाकाहाऱ्यांना चालतात. व्हिनेगरमध्ये मुरवलेलं सॉसेज मी दोनदा घेतलं. रोख पैसे जवळ ठेवा, तिथे कार्ड चालत नव्हतं. आणि सौदीला परतताना बॅगेत एकही बाटली नको, आठवण म्हणूनसुद्धा नको. आम्ही पुठ्ठ्याच्या चकत्या आणल्या.

दम्मामला परतल्यावर शुक्रवारी सकाळी दादाला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं: मार्चमध्ये नोकरी संपतेय, आम्ही कायमचे घरी येतोय.

दादाने तिकडे आत वहिनीला हाक मारली, "अगो, ऐकलंस का? आपला बाळ्या येतोय." आणि मला म्हणाला, "म्हणजे यंदा गणपतीत रजा संपली म्हणून मधेच पळणार नाहीस ना रे?"