बाहेरून न पाहिलेली आगबोट

सुपडू नाना दुकानात आले की बसत नसत. काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचे, शाईच्या दौतींची झाकणं घट्ट आहेत का ते फिरवून बघायचे. भिंतीवरच्या घड्याळाकडे असे बघायचे, जणू ते बॉयलरच्या दाबाचं घड्याळ आहे आणि काटा लाल रेघेपलीकडे गेला तर फुटेल. मग विचारायचे, "अक्का, आलं का?" मी सांगायची, नाही आलं. "मंग जातो मी," म्हणायचे आणि जायचे नाहीत.

जळगावात आमचं वह्या-पाट्यांचं दुकान आहे. ह्यांचं सगळं लक्ष कापसाच्या दलालीत, त्यामुळे दुकान पहिल्यापासून माझ्याकडे. दिवाळीच्या आधी मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून मी थोडी खेळणी मागवायची, त्यात विलायती जहाजांचे दोन-तीन डबे असत. डब्यात लाकडाचा ओबडधोबड ठोकळा, छापील नकाशा, काड्या, दोरा आणि पुडीत बांधलेले बारीक नांगर-तोफा. ठोकळा कोरायचा, घासायचा, जोडायचं, रंगवायचं. हे डबे मी मुलांसाठी आणले होते. घेऊन गेले ते एक ड्रॉइंग मास्तर, एक कंपाउंडर आणि कापसातली सरकी काढायच्या जिनातले बॉयलरवाले सुपडू नाना भंगाळे.

नाना मूळचे यावलकडचे. घरी केळी होती, भाऊ होते, आणि केळीच्या बागेत सावकाश चालावं लागतं म्हणून आपण पळालो, असं ते सांगत. मुंबईत कोकण किनाऱ्याच्या 'मालिनी' नावाच्या आगबोटीवर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे तळाशी बॉयलरपुढे उभं राहून फावड्याने भट्टीत कोळसा टाकणारा. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी तेच केलं. लढाईच्या दिवसांत ते तापाने मुंबईच्या इस्पितळात पडले असताना 'मालिनी' सरकारने लष्करी कामावर नेली. ती परत आली नाही. कुठेतरी लांबच्या बंदरात तोडून भंगारात विकली, एवढंच कानावर आलं. मग नाना जळगावला आले आणि जिनाच्या बॉयलरपुढे उभे राहिले. आग तीच, फक्त जमीन हलत नाही, म्हणायचे. ते न हलणं त्यांना सोसत नसे.

पहिल्या वर्षी त्यांनी लढाऊ जहाजाचा डबा नेला आणि महिन्याभराने तयार जहाज दाखवायला आणलं. वरून नकाशाबरहुकूम होतं. मग त्यांनी वरची फळी नखाने उचलली. ठोकळा आतून पोखरून त्यात औषधाच्या डबीचा बॉयलर बसवला होता, तारेची शिडी, खऱ्या कोळशाचा चुरा, आणि फावडं घेतलेला काडीचा माणूस. फळी परत दाबून बसवली. मी म्हटलं, नाना, हे झाकल्यावर कोणाला दिसणार? ते म्हणाले, "दिसत नही म्हनून नसतं का अक्का? आत मानूस हाये, म्हनून तं चालतं ते."

नंतर सगळ्याच जहाजांचं त्यांनी तसंच केलं. पण त्यांना हवं होतं ते वेगळंच. एकदा येरझारा घालता घालता ते एकाएकी थांबले. म्हणाले, "अक्का, खरं सांगू? मी माह्यी बोट बाहेरून पाह्यलीच नही."

मला पटेना. पंधरा वर्षं चढलात-उतरलात ना? त्यांनी समजावून सांगितलं. मुंबईच्या धक्क्याला बोट गोदामाला खेटून उभी. समोर एक काळी भिंत, तिच्यावर खिळ्यांच्या रांगा, आणि वर जायची फळी. कोकणातल्या बंदरांत बोट लांब समुद्रात थांबायची, उतारू होड्यांतून यायचे-जायचे, आणि नाना त्या वेळी तळाशी. दुसऱ्यांच्या बोटी किती पाहिल्या त्याला गणती नाही. आपल्या बोटीपासून लांब जाऊन, वळून तिच्याकडे एकदा बघावं, हे कधी सुचलं नाही. रोजच्या घराकडे कोण असं बघतं? आता ती तुटून गेली. तिचा डबा निघाला तर नकाशावरून ती जोडावी आणि लांब ठेवून बघावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी यादी करणारी बाई. दुकानात तीन याद्या कायम टांगलेल्या असतात: संपलेलं, संपत आलेलं, मागवलेलं. त्या दिवशी चौथी टांगली. 'गिऱ्हाइकांना हवी, पण कोणी काढत नाही अशी जहाजं.' पहिलं नाव 'मालिनी'. ड्रॉइंग मास्तरांना तीन डोलकाठ्यांचं आपल्याकडचं गलबत हवं होतं, कारण विलायतेची सगळी शिडाची जहाजं कोरून झाली होती. कंपाउंडरला इस्पितळाचं जहाज हवं होतं, खाटांसकट. दर वर्षी मागणीबरोबर ही यादीही मी मुंबईला पाठवत असे आणि व्यापारी दर वर्षी नुसते डबे पाठवत असे.

नानांना वाट बघणं जमत नव्हतं. कोणी सांगितलं की धुळ्याला एका मारवाडी पेढीवर आगबोटीचं कॅलेंडर आहे. मी माहेरी धुळ्याला निघाले होते, तर नाना त्याच बसला. बसमध्येही ते उभेच. पेढीवर गेल्यावर त्यांनी चपला काढल्या, गादीवरून थेट भिंतीपाशी गेले आणि चित्राला नाक लावलं. शेठजी चहा मागवतात तोवर ते परत फिरले होते. म्हणाले, दोन धुराडी आहेत, आमचीला एक होतं. दारात गाठी रचणारा हमाल हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "ओ नाना, आठे पांझराबी कोल्ली शे, जहाज कथाईन ई?" इथे नदीसुद्धा कोरडी, जहाज येणार कुठून, हे काही खोटं नव्हतं. शेठजींसकट सगळे हसले. नानाही हसले, पण चहा न घेता स्टँडवर गेले आणि मिळेल त्या बसने परतले.

अखेर एका वर्षी व्यापाऱ्याने यादी खरंच विलायतेच्या कारखान्याला पाठवली आणि उत्तरही आलं. मजकूर सभ्य होता. अशा बोटीचा विचार करता येईल, कृपया तिचे नकाशे व चारी बाजूंनी काढलेले फोटो पाठवावेत. मी तो वाचून दाखवला. नाना पहिल्यांदाच काही क्षण एका जागी उभे राहिले. मग म्हणाले, "फोटो असता तं डबा कशाले मांगतो मी?"

त्या रात्री पाळी संपल्यावर त्यांनी आपल्या हाताने 'मालिनी' करायला घेतली. सगळे जहाज बाहेरून आत करतात, नानांनी आतून बाहेर केलं. आधी बॉयलर, मग त्याच्यापुढची उभं राहायची जागा, मग कोळशाची कोठी, शिडी, यंत्र. माप एकच, फावड्याचा दांडा. बॉयलरपासून कोठी किती फावडी, कोठीपासून शिडी किती फावडी, हे त्यांना अंगाने ठाऊक होतं. जिथवर फावडं पोचत होतं तिथवर सगळं बिनचूक. पुढचं डोकं आणि मागची शेपटी कशी होती, हे त्यांना माहीत नव्हतं. उरलेल्या जागेत ती कोंबली आणि शेंगदाणा तेलाच्या डब्याचा पत्रा वरून गुंडाळला.

जहाज काउंटरवर आलं तेव्हा ड्रॉइंग मास्तर हजर होते. त्यांनी चष्मा पुसला, एक फेरी मारली आणि म्हणाले, "नाना, गाभण म्हैस तापीत उतरल्यासारखी वाटते."

नाना जहाज उचलून तडक निघून गेले. दोन दिवसांनी परत घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "मास्तर खरं बोलले. अशी बोट चालनार नही. पन मले दुसरी माहीत नही." ते माझ्या दुकानातच राहू द्या, घरात बघवत नाही, असंही म्हणाले. मी ते दौतींशेजारी ठेवलं.

जानेवारीतली गोष्ट. भुसावळहून आलेले एक रेल्वेचे गार्ड मुलांसाठी नकाशाच्या वह्या घेत होते. मयेकर त्यांचं नाव, गाव रत्नागिरीच्या बाजूचं, समुद्रावरचं. पैसे देता देता त्यांची नजर पत्र्यावर रंगवलेल्या नावावर गेली. 'मालिनी?' त्यांनी विचारलं. म्हणाले, आमच्या गावाला थांबायची ती. लहानपणी आम्ही टेकडीवरून बघायचो.

त्यांची परतीची गाडी तासाभरात होती. नाना पाळीवर होते आणि पेटता बॉयलर सोडून ते देवासमोरही गेले नसते. मी पोऱ्याला दुकान सांभाळायला सांगितलं, जहाज पदरात घेतलं, टांगा केला आणि मयेकरांना घेऊन जिनात गेले.

बॉयलरघरात नाना आमच्याकडे पाठ करून उभे होते. समोर भट्टी, वर वाफेच्या दाबाचा काटा. मी ओरडून सांगितलं, हे मयेकर, ह्यांनी 'मालिनी' बाहेरून पाहिली आहे. नाना वळले नाहीत, वळता येत नव्हतं. फक्त फावडं थांबलं. "सांगा," म्हणाले.

मयेकर गोंधळले, पण सांगू लागले. होळीच्या नाहीतर दिवाळीच्या आधी मुंबईची माणसं यायची, म्हणून सगळं गाव टेकडीवर. समोर समुद्रात एक भूशिर, बोट त्याच्या मागून यायची.

नानांनी काट्यावरची नजर न काढता विचारलं, रंग कोणता होता? मयेकरांनी खूप आठवून पाहिलं. काळी असावी, किंवा तपकिरी. लांबून बोट केवढी दिसायची, तर बोटाच्या पेराएवढी. पण तिच्याकडे कोण बघत होतं, मयेकर म्हणाले. भूशिरामागे आधी धूर दिसायचा. तो दिसला की त्यांची आई म्हणायची, "आली." माणसं गाठोडी उचलायची, होडीवाले होड्या लोटायचे. बोट डोळ्यांना दिसेपर्यंत अर्धं गाव किनाऱ्यावर पोचलेलं असायचं.

"म्हंजे तुमी धूर पाहे."

"धूरच. बोट म्हणजे आम्हाला धूरच."

"कसा व्हता?"

"काळा. जाड. आधी सरळ वर जायचा, मग एकदम वाकायचा."

नानांनी भट्टीचं दार उघडलं, निखारे लोखंडी सळईने एका अंगाला ओढले, आणि त्यांच्यावर फावड्यामागून फावडं कोळसा टाकला, जिनात कधी टाकत नसत तेवढा. दार लावलं. म्हणाले, "भूशिरापाशी वळताना दम लागे तिले. तठी आमी असा टाकत व्हतो. जा, बाहेर जाऊन पाहा. मले अठून हलता येत नही."

मी आणि मयेकर अंगणात धावलो. सरकीच्या ढिगांपलीकडे जिनाचं धुराडं. त्यातून आधी करडं काहीतरी निघालं, मग काळा, जाड धूर सरळ वर चढला आणि वाऱ्याच्या झोतात पाचोऱ्याच्या बाजूला वाकला. मयेकरांनी डोक्यावरची टोपी काढली. "असाच. बाई, अगदी असाच," म्हणाले, आणि नाक ओढून बाहेर टांग्याकडे गेले. तेवढ्यात जिनाचे मॅनेजर, धोतराचा सोगा धरून, कोणी कोळसा जाळला म्हणत कचेरीतून येत होते.

मी आत जाऊन नानांना सांगितलं, असाच म्हणाले. नानांची पाठ तशीच होती. म्हणाले, "पंधरा वर्सं लोक मलेच पाहून ऱ्हायले व्हते अन् मले माहीत नही." मग मॅनेजर आत आले आणि नाना शिव्या खात काटा बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते सरकी काढलेला कापूस आणि चिलमीएवढ्या पुडीत धुराड्याची काजळी घेऊन. 'आलं का' विचारलं नाही. 'मालिनी'च्या धुराड्यावर काजळी चोळलेला कापूस बसवला, पुंजक्यावर पुंजका. जहाजाच्या तिप्पट धूर झाला. म्हैस त्याच्याखाली दिसेनाशी झाली. दूर रस्त्यावर जाऊन त्यांनी तिकडून बघितलं, परत आले, पुंजका वाकवला, परत रस्त्यावर गेले. असं चारपाच वेळा झालं. शेवटी म्हणाले, "ते यादीतलं नाव खोडा आता." मी म्हटलं, माल आल्याशिवाय मी नाव खोडत नाही.

नाना वारले त्याला आता दुसरं वर्ष. जिनाचा हंगाम चालू होता. छातीत कळ आली तेव्हा पाळी संपायची होती, आणि दुसऱ्या माणसाने येऊन फावडं हातात घेईपर्यंत नाना खाली बसले नाहीत, असं तिथले लोक सांगतात. मला ते खरं वाटतं. विलायतेहून डबे येणंही आता बंद झालं आहे, आयातीचे परवाने मिळत नाहीत. चौथी यादी मात्र टांगलेली आहे.

दिवाळीच्या साफसफाईची माझी वेगळी यादी असते. कपाटं, फळ्या, घड्याळाला तेल, जुनी कॅलेंडरं. त्यात एक काम दर वर्षी येतं: धूर बदलणे. कापूस धूळ खाऊन करडा पडतो. जिनातून नवा कापूस आणि काजळी मागवते. मॅनेजर काही विचारत नाहीत, पुडी बांधून देतात. जहाज मी सर्वांत वरच्या फळीवर, पाट्यांच्या थप्प्यांमागे ठेवलं आहे. दुकानात उभं राहिलं तर ते दिसत नाही. रस्त्यावरून येणाऱ्याला थप्प्यांवरून काळा धूर तेवढा दिसतो, आणि नवं गिऱ्हाईक असेल तर तो पायरी चढायच्या आधीच विचारतो, तिथे मागे काय आहे म्हणून.