आधी लिहून घेतो

कडक भाकरी आमटीत कुस्करून मी ताटली त्याच्याकडं सरकवली. तो डावीकडूनच चावायचा. उजवीकडचे पुढचे दोन दात मीच पाडले होते. बुधवारची दुपार, माझाच ओटा. जेवून त्यानं हात धुतले, पिशवीतून तो जुना फॉर्म काढला.

"मालक, आज सही?"

"पुढच्या बुधवारी."

दर बुधवारी हेच चालायचं. या वेळी मात्र फॉर्म पिशवीत परत गेला नाही. "ठेवा तुमच्याकडंच, माझ्यापाशी चुरगळतो," म्हणाला आणि चपला घालून निघाला.

असा माणूस तुमच्याही दारात येऊन गेला असेल. काखेत पिशवी, खिशाला दोन पेनं, आणि विचारणार काय, तर तुमच्यात कॅन्सर कुणाला झालाय, कोण गेलं. तुम्ही त्याला हाकलला असेल. मी हाणला.

माझी बायको जाऊन वीस दिवस झाले होते. जबड्याचा कॅन्सर. जन्मभर मिश्री लावली तिनं. हा दारात उभा राहिला, कागदात बघून तिचं माहेरचं नाव घेतलं आणि विचारलं, "बाई जिवंत आहेत ना?" मी सारा जन्म यंत्रमागावर काढला. माग गेले, कोनाड्यात आडवं सूत नेणारा एक लाकडी धोटा तेवढा उरलाय, दोन्ही टोकांना लोखंड असलेला. तोच त्याच्या तोंडावर घातला. रक्त शर्टावर, रक्त कागदावर. तो खाली बसला, दात तळहातावर घेऊन बघितले. मला वाटलं, आता आईबहीण काढील. तो म्हणाला, "अजून मारायचं तर मारा मालक, पण आधी लिहून घेतो. बाई कधी गेल्या?"

अशा माणसाला पुन्हा कसं मारणार? पाणी दिलं.

मग त्यानं समजावलं. मेव्हण्यानं आधी तिला माहेरच्या गावी दवाखान्यात नेलं होतं. तिथं तिचं जुनं, बापाचं नाव लागलं, पत्ता मात्र इथला, आणि औषध सुरू झालं. नंतर मी मेव्हण्याशी भांडून तिला नुसती उचलून सोलापूरला आणली. कागद मागायला गेलो नाही, माझा ताठा. इथल्या डॉक्टरांना तिथलं काही दिसेना. त्यांनी पुन्हा तुकडा काढला, पुन्हा तपासायला पाठवला, पुन्हा थांबवलं. तेवढ्यात गाठ गळ्यापर्यंत आली. हे मी करून बसलो, दुसऱ्या कुणी नाही.

"दवाखाने म्हणजे सवती हो," तो म्हणाला. "एकीचं दुसरीला दाखवत न्हाईत. इथल्या वहीत तुमची बाई गेली. तिथल्या वहीत अजून जिती हाय."

तो कॅन्सरच्या नोंदणी ऑफिसात होता; सगळ्या वह्या जोडायच्या, हेच त्याचं काम. घरोघरचं एका जागी आलं की डॉक्टरांना कळतं, कुठल्या बोळात माणसाला काय खातंय आणि कुठलं औषध लागू पडतंय. त्यानं फाईल मागितली. मेव्हण्यानं ती पाठवली होती, पण अगदी शेवटी, आणि मी ती तिच्या सरणावर टाकली होती. हे ऐकून तो पहिल्यांदा भडकला. फुटक्या तोंडानं ओरडला, "बाईला जाळायचं होतं, कागद कशाला जाळला?" त्या दिवसापासून तो मला आवडला.

आता माझ्या सहीशिवाय पुरावा नव्हता. दोन्ही बायका एकच, आणि ती मेली, एवढं लिहून द्यायचं. मला ते जमेना.

"एका वहीत ऱ्हाऊ दे की जिती," मी म्हणालो.

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाला, "तिथं दिसतंय, औषधानं बाई बरी झाली. उद्या दुसऱ्या बाईला तेच देतील, मालक." एवढंच. परत कधी रेटलं नाही. फक्त बुधवारी यायचा.

मग मी त्याच्याबरोबर हिंडायला लागलो. विणकरांच्या घरात तेलुगू लागायचं, ते मला येतं. एका घरी मुलीचं लग्न ठरत होतं. यानं दारातच घरातल्या आजीच्या आजाराचं नाव घेतलं तसा बापानं गचांडी धरून त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. सासरच्यांना कळलं तर लग्न मोडेल म्हणून. यानं रक्त पुसलं, आवाज खाली आणला आणि आत बसून त्या आजीचं सगळं लिहून घेतलं. निघताना बापानंच चहा दिला.

फॉर्म माझ्याकडं ठेवून गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, तो वळसंगच्या पुढं एका गावात एकटाच गेला. माझा गुडघा सुजला होता. मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांची अफवा फिरत होती. अनोळखी माणूस, पिशवी, यादीत घरोघरची नावं आणि वयं. यादी बघून लोक जास्तच पेटले. काठ्या, दगड, सायकलची चेन. बघणाऱ्यांनी सांगितलं, तो शेवटपर्यंत एकच म्हणत होता, "माझं काय करायचं ते करा, कागद फाडू नका."

त्याच्या फोनमध्ये शेवटचा नंबर माझा. पोलिसांनी मला बोलावलं. चादर बाजूला केली तर तोंड म्हणून काही उरलं नव्हतं. हवालदारानं वही उघडली. ओळख कशावरून पटली, विचारलं.

"उजवीकडचे पुढचे दोन दात नाहीत."

"ते आज पडले नसतील कशावरून?"

"ते मी पाडले होते."

त्याचं पेन थांबलं.

"लिही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून फॉर्म काढला. मी तिसरी शिकलेला, सहीला वेळ लागतो. बायकोची दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली, सही केली आणि गुडघा ओढत त्याच्या ऑफिसात गेलो. कॉम्प्युटरवरच्या बाईनं फॉर्म वाचला, माझ्याकडं बघितलं. "काका, तिथल्या नोंदीतही मयत लावू?"

लाव म्हणालो. तिनं लावेपर्यंत तिथंच उभा राहिलो.