मर्लच्या गाडीमागची गुरं

मर्ल ट्रेगार्थन म्हणजे क्वीन्सलंडच्या आमच्या गुरांच्या मुलखातली एक अजब बाई. तिच्या रानात हवा मोजणारा मनोरा उभा राहिला तेव्हा नवरा डग म्हणाला होता, "फुकटची हवा, ती काय मोजायची?" मर्लने मात्र त्या मनोऱ्याला जीव लावला. त्याच्या हवा ओढणाऱ्या नळीत कोळ्याने जाळं केलं तरी हिची घालमेल. उद्या कारखान्यांचा कार्बन वायू या जमिनीच्या पोटात गाडणार, आणि तो झिरपून वर आला तर तिला नि तिच्या गुरांना सांगणारं दुसरं होतंच कोण?

आज त्या मनोऱ्याची परीक्षा होती. पलीकडच्या माळावर टाकीतून थोडा वायू सोडायचा. मनोऱ्याने तो पकडला तर राहील, नाही तर उखडून दुसरीकडे नेतील. मर्लला सकाळपासून घास गेला नव्हता. तिने पिकअप काढली आणि धुरळा उडवत थेट मनोऱ्यापाशी आली.

जरा वेळाने मनोऱ्याच्या पडद्यावरचा वायूचा आकडा एकदम उसळला.

"पकडला!" मर्ल नाचायचीच बाकी होती.

"अगं, अजून सोडलाच नाही," मोजणीवाली टॅमसिन म्हणाली आणि तिने मागे बोट दाखवलं. मर्लची गाडी आली म्हणजे खायच्या गोड मळीचं पिंप आलं, हे गुरांना पाठ. अख्खा कळप पळत येऊन वाऱ्याच्या बाजूला धापा टाकत उभा होता. "यांच्या श्वासातही तोच वायू, त्यापुढे आमचा काय दिसणार? आणि टाकी एकच आहे."

मर्लने कपाळावर हात मारून घेतला. गाडी इथे असेतो गुरं हलणार नव्हती. हा क्षण डोळ्यांनी बघायला ती कधीपासून आसुसली होती. पण ती मुकाट गाडीत बसली, हॉर्न दाबला आणि निघाली. कळप मागोमाग.

लांबच्या पाणवठ्यावर ती थांबली. मनोरा इथून काडीएवढा दिसत होता. गाडीतला रेडिओ नुसता खरखरत होता.

"मर्ल," टॅमसिनचा आवाज आला, "आकडा खाली आलाय. आता सोडतोय." पुन्हा खरखर. मग एकदम, "चढतोय. चढतोय गं! पकडला त्याने!"

मर्लने पिंपाची तोटी उघडून सगळी मळी कुंडात सोडून दिली. "खा मेल्यांनो, पोटभर खा," ती डोळे पुसत म्हणाली.

"बघायला येतेस ना?" रेडिओवरून टॅमसिनने विचारलं.

"येते की," मर्ल म्हणाली. "पण चालत."